उसात की पाण्यात?

८ मार्च २०२३ ला मुंबईजवळच्या समुद्रावर नौदलाचं एक ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर नेहमीच्या उड्डाणावर होतं. एकाएकी त्याची ताकद गेली आणि ते झपाट्यानं खाली येऊ लागलं. वैमानिकानं ते ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवलं आणि नौदलाच्या गस्तीनौकेनं तिघांनाही सुखरूप बाहेर काढलं. त्याच्या काही महिने आधी, २८ जून २०२२ ला, मुंबईपासून दूर भर समुद्रात ‘सागर किरण’ या रिगजवळ नऊ जणांना घेऊन निघालेलं एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं होतं. त्यातले चौघे गेले.

समुद्र तोच, पण एकदा सगळे वाचतात आणि एकदा निम्म्याच्या आसपास जातात. हा फरक कुठं पडतो, यावर आमच्या घरात दोन टोकांची मतं आहेत. माझा थोरला भाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांची कामं करतो. शेतीपंपाची इंजिनं, ट्रॅक्टर, जे येईल ते. बहिणीची मुलगी बाहेरगावी विमान चालवायला शिकते. सुट्टीला आली की ती मामाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसते आणि दोघांचं सुरू होतं. त्यांच्या बोलण्यातलं मला मोलाचं वाटलं ते इथं मांडतो आहे, कारण लहान विमानांबद्दल आपल्याकडं बोललं जातं ते फक्त अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.

मामा : तुमच्या शिकवण्यात मला एक खटकतंय बघ. इंजिन बंद पडलं तर कुठं उतरायचं, कसं उतरायचं, हेच घोकताय तुम्ही. अगं, पण ते बंद का पडावं? एवढी वर्षं इंजिनं उघडतोय. उघडलं आणि कारण सापडलं नाही, असं कधी झालं नाही. रिंगा गेलेल्या असतात, तेल संपलेलं असतं, नाहीतर डिझेलमध्ये पाणी असतं. यंत्र आपणहून दगा देत नाही. कुणीतरी कुठंतरी हयगय केलेली असते.

भाची : उघडल्यावर सापडतं हो, मामा. हजार फुटांवर मला ते उघडायला कुठं मिळतंय? सेसना १७२ चं इंजिन त्या उंचीवर गेलं तर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग धरून मी अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकते. वेळ म्हणाल तर दीड मिनिटसुद्धा नाही. त्यात वारा बघायचा, जागा ठरवायची, रेडिओवर ‘मेडे’ सांगायचं.

मामा : आणि चालू करून बघायचंच नाही?

भाची : बघायचं, पण उंची हाताशी असेल तर. इंधनाचा कॉक, मिक्श्चर, कार्ब्युरेटरची गरम हवा, मॅग्नेटो, सगळं क्रमानं बघायचं. उंची कमी असेल तर त्यात पडायचं नाही. हात तिकडं गुंतले की डोळेही आत अडकतात, नाक वर जातं आणि वेग मरतो. वेग मेला की विमान उतरत नाही, पडतं. उड्डाण केल्या केल्या इंजिन गेलं तर धावपट्टीकडं परत वळण्याचा मोह होतो. त्या वळणात किती जण गेलेत याचे धडेच्या धडे आम्हाला वाचायला लावतात. समोर जे असेल ते घ्यायचं.

मामा : मॅग्नेटो दोन असतात म्हणे?

भाची : दोन. सिलिंडर चार आणि प्लग आठ. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्याच्या ठिणगीवर इंजिन चालतं. बॅटरी मेली तरी चालतं.

मामा : म्हणजे ज्यानं बनवलं त्यानं कशावरच एकट्यावर भरवसा ठेवलेला नाही. शहाणा माणूस. मग एवढं करून बंद कसं पडतं?

भाची : पुष्कळदा इंजिनात काही बिघडलेलंच नसतं. त्याला प्यायला मिळत नाही, किंवा भलतंच मिळतं.

इथं तिनं बॅगेतून एक वस्तू काढली. पारदर्शक प्लास्टिकचा, वीतभरही नसलेला कप, त्याच्या मधोमध एक पिन. पंखाखालच्या झडपेला ती पिन दाबली की टाकीच्या तळाचं इंधन कपात उतरतं. या विमानांचं पेट्रोल फिकट निळं असतं. त्यात पाणी असेल तर ते जड म्हणून खाली बसतं आणि निळ्याखाली बिनरंगी थर वेगळा दिसतो. सगळा कपच पाण्यानं भरला तर मात्र थर दिसणारच नाही. म्हणून रंग बघायचा, विमानाच्या पांढऱ्या अंगासमोर कप धरून. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवली की आतल्या हवेतली वाफ रात्रीत गार होऊन पाणी सुटतं. भावानं तो कप हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला. डिझेलमधलं पाणी त्यानं जन्मभर फिल्टरच्या तळाशी पाहिलं आहे. ते इंजिन चालू करण्याआधी, उजेडात धरून पाहण्याची सक्ती असते हे त्याला फार आवडलं.

मामा : हे झालं काम! माझं म्हणणं हेच. हा कप नीट बघितला तर तुझं ते पाण्यात उतरणं लागतंय कशाला?

भाची : कप स्वच्छ निघाला तरी बर्फ धरतो, त्याचं काय करायचं?

मामा : कोल्हापुरात? बर्फ?

भाची : कार्ब्युरेटरमध्ये. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार होते. बाहेर वीस-पंचवीस अंश असलं आणि हवा दमट असली तरी आत बर्फ धरू शकतो. म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट. इंजिन हळूहळू दम टाकायला लागतं. आपल्या संस्थानच्या राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ सुरू केला ना, त्याच वर्षीच्या जानेवारीत इंपीरियल एअरवेजचं ‘कॅव्हेलियर’ न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाताना असंच गेलं. कार्ब्युरेटरांत बर्फ, चारही इंजिनांची ताकद खलास. आणि ते साधं विमान नव्हतं, पाण्यावर उतरायलाच बांधलेली उडती नाव होती. तरी खवळलेल्या समुद्रात मोडली. तेरा जणांतले दहा जण दहा तास पाण्यात एकमेकांना धरून राहिले, मग एका तेलवाहू जहाजानं उचलले.

मामा : पाण्यावर उतरायला बांधलेली मोडली, मग तुझ्या चाकांच्या विमानाचं काय?

हा प्रश्न रास्त होता आणि त्यावर बोलणं आपल्या मातीत आलं. कोल्हापूरच्या आकाशात इंजिन गेलं तर खाली दोनच गोष्टी ठळक दिसतात, ऊस आणि पाणी. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीच उडालेली एक शिकाऊ मुलगी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळूनही वाचली. आपल्याकडं जमीन मोकळी मिळेल का?

मामा : मी तर म्हणतो पाणी. रंकाळा आहे, कळंबा आहे, विमानतळाशेजारी राजाराम तलाव आहे. डोक्याच्या दुप्पट उंच उसात शिरण्यापेक्षा पाणी मऊ.

भाची : पाणी मऊ नसतं, मामा. पोटावर सूर मारलाय ना रंकाळ्यात? आमचं विमान कितीही हळू आणलं तरी ताशी सत्तर-ऐंशीनं टेकतं. चाकं आत घेता येत नाहीत. ती पाण्यात रुतली की नाक खाली जातं, कधी पूर्ण उलटं होतं. शिवाय पंख वर आणि आपण खाली, म्हणजे विमान तरंगलं तरी आपण पाण्यात. आणि तलाव शांत असला तर आणखी वाईट. आरशासारख्या पाण्यावर उंची कळतच नाही. वाटतं अजून तीस फूट आहे, आणि टेकलेलं असतं.

मामा : मग ऊस?

भाची : शेंड्यांनाच जमीन समजायचं आणि त्यावर विमान बसवायचं. ऊस वेग खातो.

मामा : हां, पण कुठल्या महिन्यात? तोडणी झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये रान मोकळं दिसतं, पण सरी असते. आडव्या सरीत चाक पडलं की पुढचा पाय मोडलाच समज. उतरायचं तर सरीच्या रेघेनं. हे तुला कुणी शिकवलं का?

भाची : नांगरटीच्या रेघेनं उतरा, असं शिकवतात.

मामा : नांगरट वेगळी, सरी वेगळी. आणि नदीत उतरायचं मनात आलं तर पंचगंगेत नको. वरनं तुला सरळ, रुंद, रिकामी दिसेल. पण काठाकाठानं शेतीपंपांच्या मोटारी आहेत, त्यांच्या तारा एका काठावरनं दुसऱ्या काठावर गेलेल्या आहेत. त्या तुला वरनं दिसायच्या न्हाईत. आणि बंधारे. उन्हाळ्यात बरगे, म्हणजे फळ्या, घातलेले असतात ते कळतात. पावसाळ्यात बरगे काढले, पाणी वर आलं की खांब पाण्याखाली. जिथं हिरवं गार मैदान दिसेल तिथं जलपर्णी असेल, खाली दहा फूट पाणी. महापुरात आम्ही नाव घेऊन गेलो होतो, तेव्हा नावेला कुंपणाची तार लागली होती, आणि तिथं रस्ता होता!

भाची वहीत लिहून घेत होती. माझ्या मते त्या दुपारचं हे सगळ्यात कामाचं बोलणं होतं. ज्या प्रदेशावर उडायचं तिथल्या शेतकऱ्याला, नावाड्याला, वायरमनला बसवून नकाशावर बोट ठेवायला सांगावं, हे कुठल्याही विमानशाळेला सहज करता येईल. नकाशात बंधारा असतो. बरगे कधी काढतात ते नसतं.

भाची : ठीक आहे, पण समजा समुद्रावर आहे. कोकण ओलांडलं, खाली दुसरं काही नाही. तर उतरण्याआधी दाराची कडी काढून फटीत काहीतरी अडकवायचं. बूट, पुस्तक, हाताला येईल ते.

मामा : दार उघडं ठेवून पाण्यात?

भाची : धक्क्यानं चौकट वाकली की बंद दार अडकतं. आणि बाहेर पाण्याचा दाब असेपर्यंत बंद दार उघडत नाही, आत पाणी भरेपर्यंत थांबावं लागतं. लाटांच्या रांगेला समांतर उतरायचं, लाटेच्या तोंडावर नाही. एक हात दाराच्या मुठीवर ठेवायचा आणि विमान थांबेपर्यंत सोडायचा नाही. उलटं झालं, अंधार झाला, नाकात पाणी गेलं, तरी तो हात सांगतो दार कुठं आहे. मगच पट्टा सोडायचा. जीवरक्षक जाकीट आधीपासून अंगात, पण फुगवायचं बाहेर आल्यावर.

मामा : आत फुगवलं तर?

भाची : छताला चिकटता. १९९६ साली कोमोरोस बेटांजवळ अपहरण झालेलं इथिओपियाचं विमान इंधन संपून समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ गेले. कितीतरी जणांनी जाकिटं आतच फुगवली होती. पाणी चढलं, ते वर गेले, दार खाली राहिलं.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं आपला मुद्दा दुसरीकडून काढला.

मामा : ती सिडनीची गोष्ट सांग, दोन इंजिनांची.

भाची : १९९४ चं डीसी-३? शाळेची मुलं होती, बँडवाली. उडाल्या उडाल्या डावं इंजिन ढिलं पडलं. एका इंजिनावर ते तगायला हवं होतं, तगलं नाही. धावपट्टीपुढंच बॉटनी बे आहे, तिथं पाण्यात उतरवलं. पंचवीसच्या पंचवीस वाचले. मला ती गोष्ट यासाठी आवडते की कॅप्टननं विमानाचा मोह सोडला. परत नेतो, वाचवतो, असं केलं नाही.

मामा : आणि मला यासाठी की इंजिन का गेलं ते बघ. इनलेटचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, अडकला. गाइडमध्ये काजळी धरली की अडकतो, हे माझा पोरगा सांगेल. वर वजन परवानगीपेक्षा जास्त! ओव्हरलोड उसाची ट्रॉली घाटात चढवायची आणि मग ड्रायव्हरनं ब्रेक किती छान मारले म्हणून हार घालायचे?

भाची : पंचवीस जण जिवंत आहेत, मामा.

मामा : असूदेत, आनंद आहे. पण त्या आनंदात व्हॉल्व्ह विसरू नका.

माझा कल इथं भाचीकडं आहे, आणि तो का आहे ते सांगतो. भावानं आयुष्यभर यंत्र वाचवलं. त्याच्या हाताला सवय आहे ती बिघडलेलं पुन्हा चालू करण्याची. पण इंजिन गेलेल्या विमानात ज्याला विमान वाचवायचं असतं तो माणसं गमावतो. धावपट्टी थोडक्यात गाठू, म्हणून नाक वर धरणारा. अजून एकदा सुरू होतंय का बघू, म्हणून उतरण्याची जागा हातची घालवणारा. कॅरिबियनमध्ये २००९ साली दिवी दिवी एअरचं दोन इंजिनांचं लहान विमान कुरासाओहून निघालं. उजवं इंजिन थोड्याच वेळात गेलं. मागं वळता आलं असतं, पण वैमानिकानं बोनेअरपर्यंत जायचं ठरवलं. विमान वजनानं जड होतं, उंची टिकली नाही. त्यानं ते पाण्यावर इतकं नीट उतरवलं की नऊही प्रवासी वाचले. तो स्वतः धडकेत बेशुद्ध झाला आणि विमानाबरोबर बुडाला. त्याचं कौशल्य मी मानतो. पण वळण्याचा निर्णय आधी झाला असता तर त्या कौशल्याची पाळीच आली नसती.

भावाच्या बाजूनंही एक मोठं नाव आहे आणि ते आपल्यातलं आहे. ११ एप्रिल १९५५ ला एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून बांडुंग परिषदेचे प्रतिनिधी घेऊन जकार्ताला निघालं होतं. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्यात असतील या समजुतीनं त्यात बाँब ठेवलेला होता. अठरा हजार फुटांवर स्फोट झाला, उजव्या पंखाला आग लागली. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटारांनी तिसरं इंजिन बंद केलं, पाण्यावर उतरायचं ठरलं, जीवरक्षक जाकिटं वाटली गेली. धूर कॉकपिटमध्ये शिरत होता, एकेक यंत्रणा मरत होती. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमान तुटलं. एकोणीसपैकी तिघे वाचले : दीक्षित, पाठक आणि देखभालीचे इंजिनिअर अनंत श्रीधर कर्णिक. जटारांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

मामा : कर्णिक जमिनीवरचे इंजिनिअर. वैमानिक नव्हेत. तरी बसले होते ना त्या विमानात? मला वाटतं इंजिन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकानं त्या विमानात बसावं. मी ज्याचं इंजिन बांधतो त्याच्या ट्रॅक्टरवर पहिला मी बसतो.

भाची : ते पटतं. पण ‘काश्मीर प्रिन्सेस’मध्ये देखभालीत काही कमी नव्हतं, मामा. तुमचं सगळं बरोबर असूनही पाणी येऊ शकतं, ते यासाठीच म्हणते मी.

मामा : आणि पालेर्मो? ते तूच सांगितलंस मला.

६ ऑगस्ट २००५. तुनिंटर कंपनीचं एटीआर ७२ इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बाला निघालं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर येणारी काही विमानं त्याच घराण्यातली. आदल्या दिवशी त्याचा इंधनाचा काटा बदलला होता आणि बसवला तो धाकट्या एटीआर ४२ चा. काटा जागेवर बसला, चालूही झाला, फक्त टाकीत नसलेलं इंधन दाखवत राहिला. हवेत दोन्ही इंजिनं बंद पडली. सिसिलीतल्या पालेर्मोजवळ समुद्रात उतरताना विमान तुटलं. ३९ पैकी १६ गेले.

मामा : जागेवर बसला म्हणून लावला! पार्ट नंबर बघायचा नाही?

भाची : पार्ट नंबर बघायचा होता, मान्य. पण दोन्ही इंजिनं गेल्यावर पंख्यांची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवली नव्हती आणि वेगही बरोबर धरला नव्हता. ते केलं असतं तर पालेर्मोच्या धावपट्टीपर्यंत पोचण्याची शक्यता होती, असं चौकशीत निघालं. म्हणजे माझ्या बाजूचंही चुकलं. २००९ मध्ये इटलीच्या न्यायालयानं वैमानिकांना आणि कंपनीच्या माणसांना तुरुंगाची शिक्षा सुनावली. ते मला पटत नाही.

मामा : का? सोळा माणसं गेली.

भाची : विमान अपघाताची चौकशी जगभर एकाच हेतूनं करायची ठरलेली आहे, पुढचा अपघात टळावा म्हणून. दोष कुणाचा ते ठरवायला नाही. तुरुंग दिसायला लागला की पुढचा मेकॅनिक चूक सांगणार नाही. तुमच्याकडच्या पोरानं मागं कनेक्टिंग रॉडची कॅप उलटी बसवली होती, इंजिन चालू करायच्या आधी स्वतः येऊन सांगितलं. तुम्ही ओरडलात का?

मामा : न्हाई. ओरडलो असतो तर पुढच्या वेळी गप्प बसला असता.

भाची : मग?

मामा : माझ्याकडं एक इंजिन गेलं असतं, माणूस नाही. सोळा घरं बसल्यावर त्याला ‘सांगितलंस, शाबास’ म्हणून सोडायचं, हे मला जमायचं नाही. सांगणारा आणि लपवणारा यांना एकच माप नको, इथपर्यंत मी येतो.

भाची : आणि ज्याला कळलंच नाही? ज्याला मनापासून वाटलं की काटा बरोबर आहे?

मामा : तर मग त्याला नंतर विचार. दोन वेगळ्या विमानांचे काटे एकाच खाचेत बसतील असे कुणी बनवले, ते मला आधी सांग.